जुने खेळ आणि आजचे घरगुती नेटवर्क: जोडणी नेमकी कुठे अडते?

डिसेंबर १९९३ मध्ये ‘इड सॉफ्टवेअर’ या अमेरिकी कंपनीने ‘डूम’ हा खेळ वितरित केला, तेव्हा चार खेळाडूंना आपापल्या संगणकावर बसून एकाच नेटवर्कवर एकमेकांशी खेळता येईल अशी सोय त्यात होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत ‘वॉरक्राफ्ट २’ (१९९५), ‘क्वेक’ (१९९६), ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७), ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांनी लॅन, म्हणजे एका घरातले किंवा इमारतीतले संगणक परस्परांशी जोडणारे स्थानिक नेटवर्क, हेच खेळाचे मैदान मानले. महाराष्ट्रात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वसतिगृहे आणि शहरांतले सायबर कॅफे येथे या खेळांची, विशेषतः ‘काउंटर-स्ट्राइक’ व ‘एज ऑफ एम्पायर्स’ यांची, एक अख्खी पिढी तयार झाली. (त्याच काळात भारतात अफाट लोकप्रिय झालेला २००० सालचा ‘प्रोजेक्ट आयजीआय’ मात्र एकट्यानेच खेळायचा खेळ होता, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय २००३ मधील त्याच्या दुसऱ्या भागात आली, त्यामुळे पहिल्या भागाची लॅनवरची जोडणी शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.)

हे खेळ आजच्या संगणकावर बहुधा सुरू होतात. अडचण पुढे येते: एका संगणकावर खेळ मांडला जातो, दुसऱ्या संगणकावरची उपलब्ध खेळांची यादी मात्र रिकामीच राहते. अशा वेळी दोष खेळाच्या जुनेपणावर ढकलून मोकळे होण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष असतो तो जुन्या खेळाने नेटवर्कबद्दल धरलेल्या गृहीतकात. सगळे संगणक एकाच मोकळ्या जागेत आहेत आणि एकाने हाक मारली की ती सगळ्यांना ऐकू जाते, असे हे खेळ धरून चालतात, तर आजचे घरगुती नेटवर्क सुरक्षिततेसाठी आतून विभागलेले असते.

या हाकेला नेटवर्कच्या परिभाषेत ब्रॉडकास्ट म्हणतात. खेळ शोधणारा संगणक २५५.२५५.२५५.२५५ या खास पत्त्यावर एक छोटा संदेश पाठवतो, तो त्या नेटवर्कावरील प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचतो, आणि ज्या संगणकावर खेळ मांडलेला असेल तो, म्हणजे यजमान, आपला पत्ता उलट कळवतो. गावातली दवंडी वेशीपाशी थांबावी तसा हा संदेश राउटरपाशी थांबतो. तो राउटर ओलांडून पलीकडच्या नेटवर्कात जात नाही, आणि जाऊ नये अशीच रचना आहे. ‘डूम’च्या पहिल्या आवृत्तीत तर शोधच नव्हे, खेळातील प्रत्येक हालचालही ब्रॉडकास्टने पाठवली जात असे, परिणामी खेळाशी संबंध नसलेल्या संगणकांनाही ते संदेश हाताळावे लागत, कचेऱ्या आणि विद्यापीठे यांच्या नेटवर्क-व्यवस्थापकांनी खेळावर बंदी घातल्यावर पुढच्या आवृत्त्यांत ही पद्धत बदलण्यात आली.

आजच्या घरात ही हाक अडण्याची ठिकाणे अनेक आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत फसवे ठिकाण म्हणजे दोन राउटर. ब्रॉडबँड कंपनीने बसवलेले फायबरचे उपकरण स्वतःच राउटर असते. घराच्या दुसऱ्या टोकाला वाय-फाय पोहोचावे म्हणून त्याला आणखी एक राउटर जोडला जातो, आणि इंटरनेटची केबल दुसऱ्या राउटरच्या ‘वॅन’, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठीच्या, खाचेत बसवली की घरात दोन वेगळी नेटवर्के निर्माण होतात. दोन्हींवर इंटरनेट उत्तम चालते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली असता एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरगुती मांडणीत संगणक दोन वेगळ्या नेटवर्कांवर असल्याचे ते लक्षण समजावे. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीने चालवणे, म्हणजे त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला केवळ वाय-फाय पसरवण्यापुरते ठेवणे, हा त्यावरचा योग्य उपाय आहे. सगळे लॅपटॉप एकाच राउटरवर घेणे हा सोपा.

पाहुण्यांसाठी राखलेले ‘गेस्ट’ वाय-फाय हेही असेच अडथळ्याचे ठिकाण. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, पण ती एकमेकांना दिसत नाहीत. काही राउटरांत मुख्य वाय-फायवरही असे विलगीकरण चालू असते. दिवाळीच्या सुटीत आलेल्या भावंडांना घरचा पासवर्ड न देता गेस्ट वाय-फायवर बसवले, तर त्यांचे लॅपटॉप एका खोलीत असूनही एकमेकांना अनोळखी राहतात. शिवाय वाय-फायवर ब्रॉडकास्ट संदेश पोहोचल्याची पोच घेतली जात नाही, त्यामुळे तो वाटेत हरवला तर पुन्हा पाठवला जात नाही. म्हणून केबल उपलब्ध असेल तर केबलच वापरावी. आजच्या गिगाबिट जोडण्या तारांचा क्रम आपोआप जुळवून घेतात, तेव्हा दोन संगणक थेट जोडण्यासाठी पूर्वी लागणाऱ्या खास क्रॉस केबलची आता गरज उरलेली नाही. असे थेट जोडलेले संगणक राउटर नसल्यामुळे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. राउटरवर असताना हा पत्ता दिसणे हा बिघाड असला, तरी थेट जोडणीत दोन्हींकडे तो असेल तर खेळ त्यावर चालू शकतो.

कधी हाक संगणकाच्या आतच वाट चुकते. व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीपीएनची सॉफ्टवेअरे विंडोजमध्ये आपापली आभासी नेटवर्क कार्डे बसवतात, आणि विंडोज ब्रॉडकास्ट संदेश बहुधा एकाच कार्डातून बाहेर सोडते; ते कार्ड आभासी निघाले तर संदेश घरच्या नेटवर्कात उतरतच नाही. जुने खेळ तर यादीतले पहिले कार्ड निमूटपणे स्वीकारतात. खेळापुरती ही आभासी कार्डे नेटवर्कच्या नियंत्रण-खिडकीतून बंद ठेवणे एवढाच उपाय पुरतो.

त्याहून जुन्या खेळांची कथा निराळी आहे, कारण ते आज इंटरनेटवर सर्वत्र वापरला जाणारा टीसीपी/आयपी हा नियमसंच बोलतच नाहीत. ‘डूम’, ‘वॉरक्राफ्ट २’ आणि ‘रेड अलर्ट’ (१९९६) हे खेळ आयपीएक्स या नियमसंचावर अवलंबून होते. कार्यालयीन नेटवर्कांत एके काळी सर्वत्र असलेल्या नॉव्हेल कंपनीच्या ‘नेटवेअर’ या प्रणालीचा तो भाग होता, आणि त्यात संगणकाचा पत्ता नेटवर्क कार्डाच्या कारखान्यातच दिलेल्या क्रमांकावरून ठरत असल्याने खेळाडूला काहीही भरावे लागत नसे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टातून मायक्रोसॉफ्टने आयपीएक्स वगळले, आणि तेव्हापासून हे खेळ मूळ स्थितीत नव्या विंडोजवर एकमेकांना सापडणे अशक्य झाले. डॉसवरच्या खेळांसाठी ‘डॉसबॉक्स’ हे अनुकरण करणारे मोफत सॉफ्टवेअर आयपीएक्सचे संदेश आजच्या पद्धतीच्या संदेशांत गुंडाळून पाठवते: त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आयपीएक्स चालू करून एका संगणकावर ‘आयपीएक्सनेट स्टार्टसर्व्हर’ आणि बाकीच्यांवर ‘आयपीएक्सनेट कनेक्ट’ व पुढे पहिल्याचा पत्ता अशी आज्ञा द्यावी लागते. विंडोजवरच्या खेळांसाठी ‘आयपीएक्सरॅपर’ हेच काम करतो. त्याच्या फाइली खेळाच्या फोल्डरमध्ये टाकल्या की पुरते.

‘एज ऑफ एम्पायर्स’चे दोन्ही जुने भाग मात्र ‘डायरेक्टप्ले’ या मायक्रोसॉफ्टच्या मध्यस्थ घटकावर उभे आहेत. विंडोज १० मध्ये हा घटक ‘लेगसी कंपोनंट्स’ या शीर्षाखाली असतो, पण बंद ठेवलेला. तो चालू केल्याशिवाय पुढची कोणतीही खटपट व्यर्थ आहे. यातली खरी मेख मात्र फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी तपासून अडवणाऱ्या व्यवस्थेत आहे. डायरेक्टप्ले खेळ शोधण्यासाठी ४७६२४ आणि पुढील देवाणघेवाणीसाठी २३०० ते २४०० हे पोर्ट, म्हणजे संगणकावरील क्रमांकित दारे, वापरते, आणि यजमान संगणक खेळाडूच्या संगणकाकडे उलट जोडणीही करतो. म्हणूनच केवळ यजमानाची फायरवॉल मोकळी करून भागत नाही, प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर खेळाला परवानगी हवी. खेळाने संपूर्ण पडदा व्यापलेला असल्याने परवानगी विचारणारी चौकट मागे लपून राहते, ती कोणी पाहत नाही आणि खेळ अडलेलाच राहतो. घरचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवून खेळाच्या मुख्य फाइलला त्यात परवानगी द्यावी; फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्या खेळांच्या सुरक्षा-दुरुस्त्या कित्येक वर्षांपूर्वी थांबल्या ते चालवताना तो सल्ला मानणे शहाणपणाचे नाही.

दोष कोणत्या पायरीवर आहे हे ओळखण्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा सर्वपरिचित आहे, पण तिचा निकाल एकतर्फी वाचावा. उत्तर आले तर जोडणी नक्की आहे. न आले तर ती नाहीच असे म्हणता येत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगलाही अडवते. त्या वेळी पिंगच्या पाठोपाठ ‘आर्प -ए’ ही आज्ञा द्यावी: यादीत दुसऱ्या संगणकाच्या पत्त्यासमोर कार्डाचा क्रमांक दिसला तर संगणक एकमेकांपर्यंत पोहोचत आहेत आणि अडथळा फायरवॉलचा आहे, न दिसला तर दोष राउटर, गेस्ट वाय-फाय किंवा केबल यांत शोधावा. ज्या खेळांत यजमानाचा पत्ता थेट भरता येतो तिथे यादीच्या नादी लागू नये. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये कन्सोल उघडून ‘कनेक्ट’पुढे पत्ता आणि २७०१५ हा पोर्ट दिला आणि खेळ जुळला, तर बिघाड केवळ शोधाचा होता हे सिद्ध होते आणि तो दुरुस्त करण्याची गरजही उरत नाही.

जोडणी झाल्यानंतरच्या तक्रारींचे मूळ बहुधा आवृत्तीत सापडते. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’च्या निरनिराळ्या प्रतींमध्ये ४७ आणि ४८ असे संवादाचे दोन क्रमांक आढळतात आणि ते जुळले नाहीत तर प्रवेश नाकारला जातो. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये हे अधिक नाजूक आहे. त्याचे तंत्रज्ञ पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये केलेल्या विवेचनानुसार या खेळात सैन्याच्या हालचाली नव्हे, तर खेळाडूंच्या केवळ आज्ञा पाठवल्या जातात आणि प्रत्येक संगणक त्यांवरून संपूर्ण युद्ध स्वतंत्रपणे गणतो, त्यामुळेच मॉडेमच्या काळातही शेकडो सैनिकांचा खेळ चालू शकला. या पद्धतीत दोन संगणकांच्या गणनेत तिळमात्र फरक पडला तरी युद्धे वेगळी होतात आणि ‘आउट ऑफ सिंक’चा संदेश येऊन खेळ थांबतो, म्हणून सर्व संगणकांवर तीच आवृत्ती, तीच दुरुस्ती आणि तेच फेरबदल हवेत. सर्वांत मंद संगणकासाठी बाकीच्यांना थांबावे लागते तेही याच कारणाने, आणि तिथे नेटवर्क कितीही वेगवान केले तरी उपयोग होत नाही.

पुण्यातील आणि परदेशातील भावंडांना एकत्र खेळायचे असेल, तर ‘झीरोटियर’ किंवा ‘हमाची’ यांसारखी, दूरचे संगणक एकाच लॅनवर असल्यासारखे जोडणारी आभासी लॅन हा व्यवहार्य मार्ग आहे, कारण अनेक भारतीय जोडण्यांवर ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही आणि राउटरवर पोर्ट उघडून काही साधत नाही. अशा वेळी इतर आभासी कार्डे बंद करावीत, या आभासी लॅनचे कार्ड मात्र चालू ठेवावे.

अनेक खेळांच्या इंटरनेटवरील भेटीगाठी सांभाळणारी ‘गेमस्पाय’ ही सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली आणि केवळ तिच्यावर विसंबलेले खेळ तिथेच अडकले. लॅनची सोय असलेले खेळ कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरविना आजही चालतात. २०१० मधील ‘स्टारक्राफ्ट २’मध्ये ही सोय मुळातच देण्यात आली नाही. ज्यांच्याकडे जुन्या सीडी आहेत त्यांनी त्यांच्या प्रती आणि अखेरच्या दुरुस्त्यांच्या फाइली, उदाहरणार्थ ‘एज ऑफ एम्पायर्स २: द कॉन्करर्स’ची १.०सी ही दुरुस्ती, एकाच ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि खेळायला बसण्यापूर्वी सर्व संगणकांवर त्याच प्रतीवरून खेळ बसवावा.