अल्ताय पर्वतातील केसाळ कातड्याची स्की : एक साधन व त्याचे प्रयोजन

हिवाळ्यात मांडीपर्यंत साचलेल्या भुसभुशीत बर्फातून डोंगर चढणाऱ्या माणसापुढे दोन अडचणी असतात. एक पाय रुतण्याची व दुसरी मागे घसरण्याची. लांबरुंद फळी पायांस बांधली की पहिली अडचण दूर होते. परंतु तीच गुळगुळीत फळी दुसरी अडचण अधिक बिकट करते. ह्या दोहोंवर एकाच वेळी केलेला उपाय म्हणजे तळाशी केसाळ कातडे लावलेली लाकडी स्की होय. हे साधन सायबेरियातील अनेक जमातींना परिचित आहे. एवेंकी लोकांच्या भाषेत तर उघड्या लाकडाची स्की व कातडे लावलेली स्की ह्यांस दोन स्वतंत्र नावे आहेत. प्रस्तुत लेखात अल्ताय पर्वतातील, विशेषतः चीनच्या शिनजियांग प्रदेशातील हेमू, कानास इत्यादी खेड्यांत राहणाऱ्या तुवा लोकांच्या स्कीचा विचार केला आहे. कारण तेथे ती अद्यापि हाताने घडविली जाते.

स्कीसाठी स्प्रूसचे हलके लाकूड घेतात. कुऱ्हाडीने त्याची फळी तासून पातळ करतात व पुढील टोक ओले करून उष्णतेच्या साहाय्याने वर वळवितात. फळीची लांबी साधारणपणे २ मीटरच्या आसपास व रुंदी सुमारे १४ सेंटिमीटर असते. तळासाठी घोड्याच्या गुडघ्याखालील पायाचे कातडे वापरतात. कारण तेथील केस आखूड, दाट व राठ असून घर्षणाने लवकर झिजत नाहीत. अशा अनेक पट्ट्या जोडून, सर्व केसांचा कल स्कीच्या मागील टोकाकडे राहील अशा रीतीने, ते कातडे ओले असतानाच फळीवर ताणून बसवितात. वाळताना ते आकसते आणि लाकडास घट्ट धरून राहते. पाय अडकविण्यासाठी फळीस भोके पाडून त्यांतून चामड्याच्या वाद्या ओवलेल्या असतात.

ह्या रचनेचा पहिला लाभ साध्या गणिताने स्पष्ट होतो. ७० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या दोन तळव्यांचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर धरल्यास बर्फावर दर चौरस सेंटिमीटरला १७५ ग्रॅम भार पडतो. वरील मापाच्या दोन स्कींचे क्षेत्रफळ ५,६०० चौरस सेंटिमीटर भरते व तोच भार १२.५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे चौदाव्या हिश्शावर येतो.

दुसरा लाभ केसांच्या कलाचा आहे. घोड्याच्या अंगावरून केसांच्या वळणाने हात फिरविला असता तो सहज सरकतो, उलट फिरविला असता अडतो. स्की पुढे जाताना केस चपटे होऊन घर्षण कमी राहते. मागे सरकू लागताच ते उभे राहून बर्फात रुततात. म्हणजे एकाच पृष्ठभागास दोन दिशांत दोन भिन्न घर्षणांक प्राप्त होतात. २० अंशांच्या चढावर न घसरता उभे राहावयाचे तर मागील दिशेचा घर्षणांक किमान ०.३६ असावा लागतो. ३० अंशांच्या चढावर तो ०.५८ लागतो. चढ ह्या मर्यादेपलीकडे गेला की वाट तिरपी घ्यावी लागते. ३० अंशांच्या उतारावर ४५ अंश तिरपे चढल्यास प्रत्यक्ष वाटेचा चढ सुमारे २१ अंशच राहतो.

उतरताना दोन्ही हातांनी धरलेली एकच लांब काठी उपयोगी पडते. तुवा शिकारी मागे रेलून तिच्यावर भार देतो आणि तिचाच सुकाणू व लगाम म्हणून वापर करतो.

ह्या साधनाचे जुने उल्लेख उद्‌बोधक आहेत. तू यू ह्या चिनी विद्वानाने इ. स. ८०१ मध्ये पूर्ण केलेल्या 'थुंगत्येन' ह्या ग्रंथात उत्तरेकडील बास्मिल लोक लाकडाचा घोडा करून बर्फावर हरणांचा पाठलाग करतात, त्याच्या तळाला घोड्याचे कातडे असते, सपाटीवर ते काठी टेकीत नावेसारखे जातात, असे वर्णन आहे. मात्र चढणीवर ते फळ्या हातात घेऊन चढतात, असेही तेथे म्हटले आहे. हा तपशील वरवर पाहता विसंगत वाटतो. परंतु घर्षणाच्या वर सांगितलेल्या मर्यादेचा विचार करता अतितीव्र चढावर असे करणे भाग पडत असावे, असा तर्क करता येतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणमध्ये रशीदुद्दीनने आपल्या 'जामि-उत्-तवारीख' ह्या इतिहासग्रंथात वनवासी उरियांखाई लोकांच्या 'चाना' नामक फळ्यांचे वर्णन केले. मारलेली शिकार दुसऱ्या फळीवर लादून ओढून नेतात व अनभ्यस्त माणसाचे पाय धावताना फाकतात, ही त्याने दिलेली माहिती प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून आलेली असावी, असे वाटते.

आधुनिक गिर्यारोहकही स्कीच्या तळाला मोहेर किंवा नायलॉनच्या पट्ट्या लावतो. पूर्वी आल्प्समध्ये त्यासाठी सीलचे कातडे वापरीत. परंतु माथ्यावर पोहोचताच तो त्या काढून टाकतो आणि गुळगुळीत तळाने वेगाने उतरतो. त्याने चढणे व उतरणे ही दोन स्वतंत्र कामे मानली आहेत. अल्तायमधील शिकाऱ्याचे तसे नाही. हरणाचा माग काढताना चढ व उतार दिवसातून कितीतरी वेळा आलटून पालटून येतात. दर वेळी थांबून पट्ट्या काढणे वा लावणे त्यास परवडणारे नाही. म्हणून तो उतरण्याचा थोडा वेग गमावतो आणि त्या मोबदल्यात अखंड गती मिळवितो. दाट झाडीत तर मंद वेग हा दोष नसून गुणच ठरतो. तात्पर्य, ही स्की आधुनिक स्कीची अपूर्ण पूर्वावस्था नव्हे; ते एका निराळ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आहे.

ही गोष्ट आवर्जून सांगण्याचे कारण असे की अल्तायच्या स्कीविषयीची चर्चा अलीकडे प्राचीनत्वाभोवतीच फिरत आहे. अल्ताय शहराजवळ २००५ मध्ये आढळलेल्या शैलचित्रांत फळ्यांवर उभी असलेली माणसे दिसतात. त्यांवरून हा प्रदेश स्कीचे जन्मस्थान असून चित्रे दहा हजार वर्षांहून जुनी आहेत, असे प्रतिपादन काही चिनी अभ्यासकांनी केले. शैलचित्रांचे वय थेट ठरविणे कठीण असल्याने तो दावा सर्वमान्य झालेला नाही. ह्याउलट रशियातील विस येथील दलदलीत सापडलेला स्कीचा तुकडा सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्याच्या तळाशी एल्क हरणाचे डोके कोरलेले असून ते मागे घसरण्यास अटकाव करीत असावे. म्हणजे उपाय निराळा असला तरी प्रश्न तोच होता.

जन्मस्थानाचा वाद चालू असताना साधनाचे प्रयोजन मात्र ओसरत आहे. चीनमध्ये १९८९ पासून अंमलात आलेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोठ्या हरणांच्या शिकारीस आळा घातला. वन्य प्राण्यांच्या दृष्टीने तो आवश्यकच होता. परंतु त्यामुळे स्कीच्या वापरामागील मुख्य कारण नाहीसे झाले. आता स्पर्धा, उत्सव व पर्यटन ह्यांमुळे ती टिकून आहे. स्पर्धेत वेगास महत्त्व असते. माग काढणे, तिरपी वाट निवडणे, ओझे ओढणे ह्यांस नसते. साधनाचा नमुना संग्रहालयात ठेवता येतो. पण केव्हा सरळ चढावे, केव्हा तिरपे जावे व केव्हा फळ्या हातात घ्याव्यात, हे ज्ञान वापरणाऱ्याबरोबरच नष्ट होते. म्हणून त्याची नोंद करणे हे चित्रांचे वय ठरविण्याइतकेच, किंबहुना त्याहून निकडीचे संशोधनकार्य होय.