नाकातलं मटेरियल सायन्स

'नाकाचं हाड वाढलंय' असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं; दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. तो सरळ करण्याचं ऑपरेशन माझं दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत झालं. भूल दिलेली असल्याने ऑपरेशनचं काही कळलं नाही. लक्षात राहिलं ते पॅकिंग!

हाताला कापलं तर वरून घट्ट पट्टी बांधता येते. नाकात कशावर बांधणार? म्हणून आतून दाब द्यायचा, गुठळी धरेपर्यंत. पडद्याच्या पुढच्या भागात अनेक धमन्यांच्या फांद्या एकत्र येतात. घोळणा फुटतो तोही बहुधा तिथूनच.

जुनी पद्धत म्हणजे व्हॅसलीन लावलेली गॉजची लांब पट्टी, घडीवर घडी रचत भरायची. स्वस्त आणि भरवशाची. पण विणीत रक्त सुकलं की ती अस्तराला चिकटते, आणि ओढताना अस्तर सोललं की पुन्हा रक्त.

माझ्या नाकात मेरोसेल होतं. पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटलचा स्पंज, दाबून पुठ्ठ्यासारखा कडक केलेला. आत सरकवून सलाईन सोडलं की फुगतो आणि मिळेल ती जागा भरतो. (आपल्या लॅबमध्ये असा एक तरी प्रयोग हवा होता.) त्याचा दोरा गालाला चिकटवतात. पॅक मागे घसरून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून तो असतो, हे कळल्यावर मी त्या दोऱ्याला बोटही लावलं नाही.

दोन दिवस तोंडाने श्वास, आणि घोट गिळला की कानात दडे. काढताना आधी सलाईनने भिजवून थोडं थांबायचं असतं. शेजारच्या कॉटवरच्या काकांचा पॅक कोरडाच ओढला. त्यांची किंकाळी पार जिन्यापर्यंत गेली असेल.

पॅक उगाच जास्त दिवस ठेवणंही बरं नाही. क्वचित त्यात स्टॅफिलोकोकस जंतू वाढतात आणि त्यांचं विष रक्तात जातं. जोराचा ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ, चक्कर असं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

आता विरघळणारे पॅकही मिळतात, म्हणजे ओढणं नाहीच. काही पॅकमध्ये कायटोसान असतं, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेलं. त्याच्यावर धन भार, लाल पेशींवर ऋण. बाकीचं फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आहे. शिवाय अनेक सर्जन पडद्याचं अस्तर आरपार टाक्यांनी शिवतात आणि पॅक भरतच नाहीत.

आमच्या विंगमधल्या एकाचं पुढच्या महिन्यात हेच ऑपरेशन आहे. त्याला तीन प्रश्न लिहून दिलेत: पॅक भरणार का, कुठला, आणि कधी काढणार?