रजा की राजीनामा?

आमच्या देवळाली प्रवरेत एक वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे : 'पोर लहान होतं, म्हणून नोकरी सोडली.' सांगणारी कधी शिक्षिका असते, कधी परिचारिका, कधी कचेरीतली कारकून. सरकारी नोकरीत मधे काही काळ थांबून पुन्हा रुजू होता येतं, हे तिला वेळेवर कुणी सांगितलेलंच नसतं.

या थांबण्याची सोय 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१' मध्ये आहे. अर्जित रजा सर्वांच्या परिचयाची. वर्षाला ३० दिवस जमा होतात, ते साठवता येतात. कुणी लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवतं, कुणी वारीसाठी, कुणी हजसाठी. शिक्षकांना मोठ्या सुट्ट्या असतात, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. उच्च शिक्षणासाठी अध्ययन रजाही आहे. केंद्र सरकारनं २००८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत, संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. आपल्या राज्यात ती २०१८ मध्ये आली, पण १८० दिवसांची. पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेल्या पुरुषालाही ती मिळते. म्हणजे बाईला काही झालं तरच बापानं मूल सांभाळायचं, असा आपला हिशेब!

पण घरातलं म्हातारं माणूस आजारी पडलं तर? माझी मामेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, घरात दुसरं कुणी नाही. एका संध्याकाळी कोरा कागद घेऊन आली. म्हणाली, "भाईजान, तुमचं मराठी चांगलं आहे. राजीनामा लिहून द्या."

मी लिहिला नाही. राजीनामा दिला की जुन्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे आधीची सगळी सेवा बाद होते. सोळा वर्षं एका कागदावर घालवायची? मी असाधारण रजेचा अर्ज लिहिला. दुसरी रजा शिल्लक नसेल, किंवा कर्मचाऱ्यानं स्वतः लेखी मागितली, तर ही रजा देता येते. नोकरी शाबूत राहते, पगार मात्र एक पैसाही मिळत नाही. वैद्यकीय दाखल्यावरची नसेल तर वेतनवाढ सहसा पुढे जाते आणि तेवढा काळ निवृत्तिवेतनाच्या सेवेतही धरत नाहीत. बहिणीनं अकरा महिने हे सोसलं, दागिने मोडले, आणि सासूबाईंच्या पश्चात पुन्हा शाळेत गेली.

सेवेची ही किंमत बहुधा सुनाच चुकवतात. स्टेट बँकेनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठीही दोन वर्षांपर्यंत बिनपगारी थांबण्याची सवलत दिली. राज्य सरकारलाही वडीलधाऱ्यांसाठी अशी स्वतंत्र रजा ठेवता येईल. आजारी माणूस काही फक्त अठरा वर्षांच्या आतला नसतो.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाची निकड सांगून साहेब ती नाकारू शकतात. सलग पाच वर्षांहून अधिक रजाही सहसा मिळत नाही. तेव्हा अर्जाची पोच घ्या, मंजुरीचं पत्र हाती येईपर्यंत घरी बसू नका, आणि परत रुजू झाल्यावर सेवापुस्तकात रजेची नोंद झाली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.