मार्चएण्ड रोजचाच

सकाळी ६. जुलैतला साधा मंगळवार. पतसंस्थेचे मुख्य लेखापाल आजच्या कामांची यादी करतात. (माणूस कल्पित आहे, लक्षणं पुस्तकातली.) एक ओळ तिरकी गेली म्हणून यादी पुन्हा लिहिली जाते. पहिल्या कामाला हात लागेपर्यंत सात वाजतात.

८. बायकोनं वाळत घातलेले कपडे ते काढून पुन्हा घालतात. "राहू दे, मी करतो." ती आता काही बोलत नाही.

१० ते १.३०. संचालक मंडळासाठी तीन पानी टिप्पणी सोमवारीच जायची होती. आकडे कधीच जुळलेत. अडलंय ते समासावर आणि 'सदर' लिहावं की 'उपरोक्त' यावर. नवी क्लार्क म्हणते, "सर, मी टाइप करते, तुम्ही फक्त सही करा." "तुला नाही जमायचं." जेवणाची सुट्टी होते, टिप्पणी टेबलावरच. काटेकोर माणूस चोख काम वेळेत देतो, असे लोक हवेतच. इथे मात्र काटेकोरपणापायीच काम अडतं, आणि माझ्या मते विकार ओळखायची पहिली खूण हीच.

१.४०. शिपाई पाच मिनिटं उशिरा आला. पोराला ताप होता. "नियम म्हणजे नियम."

४. कपाटात संपलेली रिफिलं, गंजलेल्या टाचण्या, बाद शिक्के. कशातही आठवण गुंतलेली नाही, तरी टाकवत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत अशी आठ लक्षणं आहेत. त्यांतली किमान चार, तीही तरुणपणापासून आणि घरीदारी सगळीकडे दिसली, तर तज्ज्ञ ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर या व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतात. टापटीप, कंजूषपणा आणि हट्ट एकाच स्वभावात नांदतात, हे फ्रॉइडनं १९०८ मध्येच लिहिलं होतं. हा विकार म्हणजे ओसीडी नव्हे. ओसीडीत नको ते विचार डोक्यात घुसतात, कुलूप दहादा ओढून पाहायला लावतात, आणि बहुतेकांना स्वतःलाच त्याचा जाच होतो. साहेबांना कसलाच जाच नाही; त्यांच्या लेखी जगच ढिसाळ आहे.

७.३०. ऑफिस रिकामं, साहेब जागेवर. कोकणात जायचं पुन्हा पुढच्या वर्षावर.

९. मुलीच्या चष्म्याची काच तडकलीय. "दिसतंय ना अजून?" खात्यात पैसे आहेत, पण ते अडीअडचणीसाठी.

१०. "अहो, एकदा डॉक्टरांशी बोलूया का?" "मला काय झालंय?"

बहुतेक घरांत बोलणं इथेच थांबतं. 'तुमचा स्वभाव बदला' म्हटलं की वाद होतो. 'झोप लागत नाही, चिडचिड वाढलीय, त्यासाठी जाऊ' म्हटलं तर कदाचित माणूस उठतो. उपचार मुख्यतः बोलण्यातून होतात. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर औषधंही देतात. तो येत नसेल, तर घरच्यांनी स्वतःसाठी तरी सल्ला घ्यावा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.