ऑक्सिजन संवेदक (मोटारगाडी)

ऑक्सिजन संवेदक हे मोटारगाडीच्या निष्कास नळीत बसवलेले, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूतील ऑक्सिजनच्या प्रमाणानुसार विद्युत संकेत देणारे उपकरण आहे. यास लॅम्डा संवेदक असेही म्हणतात. गॅरेजमध्ये ‘ओ-टू सेन्सर’ हे नाव रूढ आहे. या संकेताच्या आधारे इंजिनाचे नियंत्रण एकक (ईसीयू) इंधनाचे प्रमाण सतत कमी-अधिक करते. संवेदक बिघडल्यास इंधनाचा खप व प्रदूषण वाढते आणि दुर्लक्ष झाल्यास त्याहून महाग असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो.

इतिहास

जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेला हा संवेदक १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत प्रथम व्यापारी तत्त्वावर वापरात आला. भारतात १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बंधनकारक झाला व तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले. शिशामुळे कन्व्हर्टर व संवेदक दोन्ही निकामी होतात, म्हणून हे दोन निर्णय एकमेकांशी निगडित होते. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. वाहनांना मान्यता देण्यापूर्वी उत्सर्जनाची चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था पुण्यात आहे.

रचना व कार्य

सर्वाधिक प्रचलित प्रकारात झिर्कोनियम डायऑक्साइडच्या चिनी मातीसारख्या घटकावर दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. एका बाजूस निष्कास वायू व दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते. घटक सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार विद्युतदाब निर्माण होतो. लवकर तापण्यासाठी आत विजेचा हीटर असतो.

एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. या गुणोत्तरास लॅम्डा = १ म्हणतात. इंधन जास्त असल्यास, म्हणजे मिश्रण ‘रिच’ असल्यास, दाब सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट असतो. हवा जास्त असल्यास, म्हणजे ‘लीन’ असल्यास, तो ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे गुणोत्तर सुमारे १३.५ इतके असते. परंतु संवेदक उरलेला ऑक्सिजन ओळखत असल्याने नियंत्रण एकक हा फरक मर्यादेत भरून काढते.

कन्व्हर्टरच्या आधीचा संवेदक मिश्रणावर, तर नंतरचा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवतो. अनेक नव्या मोटारींत पुढील संवेदक विस्तृत-पट्टी प्रकारचा असतो. त्यास पुढे दिलेली व्होल्टची कसोटी लागू पडत नाही.

बिघाडाची कारणे व लक्षणे

इंजिनात जळणारे तेल, गळणारे शीतक, सिलिकॉनयुक्त सीलंट व भेसळयुक्त इंधन यांमुळे संवेदकावर थर साचतो. तापलेल्या संवेदकावर पाणी उडाल्यास आतील घटक तडकू शकतो. उंदरांनी तारा कुरतडल्यानेही संकेत खंडित होतो. इंजिनाचा इशारा दिवा लागणे, सरासरी घटणे, इंजिन असमान चालणे, नळीतून काळा धूर येणे आणि प्रदूषण चाचणीत अनुत्तीर्ण होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. भारत स्टेज-४ पेट्रोल मोटारीसाठी मंदगतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे.

निदान

इशारा दिवा लागल्यास स्कॅनरने त्रुटी संकेतांक वाचला जातो. पी०१३५ हा पुढील संवेदकाच्या हीटर परिपथाचा, पी०१३३ मंद प्रतिसादाचा, तर पी०४२० कन्व्हर्टरच्या घटलेल्या कार्यक्षमतेचा निर्देश करतो. संकेतांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. संवेदकापूर्वी निष्कास नळीस चीर असल्यास बाहेरची हवा आत शिरून तो मिश्रण लीन असल्याचे दाखवतो. अशा वेळी संवेदक बदलून उपयोग होत नाही. म्हणून नळी, निर्वात नळ्या, स्पार्क प्लग व तारा आधी तपासाव्यात.

# इंजिन पूर्ण तापवून सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावे. झिर्कोनिया प्रकारातील पुढील संवेदकाचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान दहा सेकंदांत अनेकदा वरखाली व्हावा.
# दाब सतत एकाच बाजूस अडकल्यास क्षणभर ॲक्सिलरेटर दाबावा, दाब वाढावा. निर्वात नळी काढून हवा शिरू दिल्यास तो घटावा. संवेदक प्रतिसाद देत असेल तर दोष बहुधा इतरत्र असतो.
# हीटरचा रोध थंड अवस्थेत साधारणतः काही ओहम ते सुमारे १५ ओहम असतो. अनंत रोध म्हणजे हीटर तुटला आहे. रोध योग्य असूनही पी०१३५ येत असल्यास फ्यूज व तारा तपासाव्यात.

चालत्या गाडीतील निरीक्षणे सपाट रस्त्यावर घ्यावीत. कळवण तालुक्यातील नांदुरी ते सप्तशृंगी गड यासारख्या घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर नियंत्रण एकक मुद्दाम मिश्रण रिच करते. तेव्हाचा उच्च दाब बिघाड नसतो.

बदलण्याची पद्धत

# इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.
# संवेदकाचा जोड काढून आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकावे व काही काळ थांबावे.
# बहुतेक संवेदकांस २२ मिलिमीटरचा, तारेसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. जोर लावल्यास नळीच्या आट्या तुटू शकतात.
# नव्या संवेदकाच्या आट्यांवर आधीच लेप नसल्यास, टोकास न लागेल असा, अडकणरोधक लेप लावावा. खाली पडलेला संवेदक वापरू नये.
# हाताने आट्या जुळवून उत्पादकाने दिलेल्या बलाघूर्णाने, सामान्यतः ४० ते ५० न्यूटन-मीटर, घट्ट करावे.
# जोड बसवून तार गरम नळीपासून दूर बांधावी. संकेतांक पुसून गाडी चालवावी व पुन्हा वाचन घ्यावे.

अनेक संवेदक बाहेरची हवा तारांमधून घेतात. म्हणून जोडात ग्रीस भरणे टाळावे. चार तारांच्या अनेक संवेदकांत दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी संकेताची व करडी भूमीची असते. तथापि रंगसंगती उत्पादकानुसार बदलते.