पांदणीवरची भाऊबीज

भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी नांदुऱ्याला चुलतभावाच्या पडवीतून मी वडिलांची हर्क्युलस सायकल बाहेर काढली, तेव्हा घरातल्या यच्चयावत मंडळींनी मला वेड्यात काढले. पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ, दाराशी मोटार उभी, ती हाकायला पुतण्या एका पायावर तयार, आणि हा म्हणतो की उद्या बहिणीकडे सायकलने जाणार! तेही डांबरी रस्त्याने नव्हे, पांदणीने!

"काका, पांदण आता राह्यली आहे कुठे?" पुतण्या म्हणाला.

तेच तर मला पाहायचे होते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. देशावर जिला पाणंद म्हणतात तीच आमच्या वऱ्हाडातली पांदण. दोन्ही अंगांना शेतांचे धुरे, मधून बंडी जाईल एवढी वाट; कुठे मुरूम टाकलेला, कुठे नुसती काळी माती. आमचे वडील कापसाच्या अडतीवर मुनीम होते. दर भाऊबीजेला मला पुढच्या दांडीवर बसवून आणि मागे कॅरिअरला फराळाचा डबा बांधून ते याच वाटेने पूर्णाकाठच्या गावी आत्याकडे ओवाळून घ्यायला जात. वडील गेले, आत्याही गेली. आता तिची मुलगी कुसुमताई मला ओवाळते. गेली कित्येक वर्षे मी मोटारीने जाऊन, तासाभरात ओवाळून घेऊन परत येत होतो. पण यंदा ताईचे पत्र आले, म्हणजे फोनवरचा संदेश हो, की "जुने घर उतरवायला घेतले आहे. बघायचे असेल तर बघून जा." मग जायचे ते वडिलांच्या वाटेनेच, असे मी मनाशी ठरवले.

सायकलची तेवढी धास्ती होती. दुकानदाराने चेन बदलली, तेल घातले, नव्या ट्यूबा टाकल्या आणि टायरकडे पाहून म्हणाला, "अठ्ठावीस बाय दीड. हे तर दूधवाल्याचे माप." मला हसू आले. परदेशात हल्ली खडीच्या वाटांवर हिंडायला ग्रॅव्हल बाइक नावाची खास सायकल निघाली आहे. लाखाच्या वर किंमत सहज जाते. तिच्या टायरची रुंदी पुष्कळदा चाळीस मिलिमीटरच्या आसपास असते. दीड इंच म्हणजे किती? अडतीस! आमचा दूधवाला दोन पिढ्या तीच घेऊन फिरतो आहे आणि त्याला कोणी शौकीन म्हणत नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. नांदुऱ्याला हमरस्त्याचे वैभव मोठे. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो. एकशे पाच फुटी मारुतीरायाची मूर्ती त्याच्याच कडेला, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांकडे पाहत उभी आहे. हाच महामार्ग पुढे अकोला-अमरावतीकडे जातो. तिथे जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून जागतिक विक्रम झाला. विक्रमाचे कौतुक आहेच. पण दोन किलोमीटरच्या पांदणीवर चार ट्रॉल्या मुरूम पडावा म्हणून वीस-वीस वर्षे अर्ज करणारी माणसे मला ठाऊक आहेत, त्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

गाव मागे पडले, डांबर संपले आणि कानांना एकदम काहीतरी चुकल्यासारखे वाटले. भोंगा नाही, इंजिनाची घरघर नाही. टायरखाली मुरूम करकरतो तेवढाच आवाज. उजाडू लागले तशी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. या मुलुखात वाट चुकण्याचे भय नाही. सातपुडा नाकासमोर ठेवला की पूर्णा आलीच.

दोन्ही हातांना कपाशी फुटलेली, मध्ये तुरीची तासे. एका ठिकाणी दहा-बारा रोही वाट ओलांडताना थबकली. शहरी लोक त्यांना नीलगाय म्हणतात आणि फोटो काढतात. इथला शेतकरी रात्रभर जागून त्यांना हाकलतो. तीनचाकी, चारचाकी असे वाहन मात्र तासाभरात एकही भेटले नाही. भेटल्या त्या दोन बंड्या. दुसरीचा धनी कापूस वेचणाऱ्या बायांना घेऊन चालला होता. मला पाहून त्याने बैल थांबवले.

"पंचर झाली काय भाऊ?"

"नाही, सहज निघालो."

"सहज?" त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "समोर नाल्याजवळ गारा हाये. उतरून घेजा."

काळ्या मातीचा गारा म्हणजे काय चीज आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वऱ्हाडात सायकल चालवू नये! चाक एकदा त्यात शिरले की माती मडगार्डात गच्च बसते आणि सायकल पुढे जाईना की मागे येईना. ही वाट चालती असते ती दिवाळीपासून पुढे. पावसाळ्यात तिचे नाव घ्यायचे नाही. मी उतरलो, तरी दहा मिनिटे काडीने चिखल उकरीत बसलो. वडील अशा वेळी सरळ सायकल खांद्यावर घेत आणि मला म्हणत, "आता तू चाल, ही बसली."

या चाकोऱ्या काही आजकालच्या नाहीत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावची पेठ कापसाने फुलून गेली. त्याच सुमाराला आगगाडीचा रूळ या खोऱ्यातून पुढे सरकत होता; १८६७ साली तो नागपूरला पोचला, आणि १८७० साली जलंब-खामगाव हा लहानसा फाटा केवळ त्या पेठेसाठी निघाला. पण रूळ काही शेतात जात नाही. शेतापासून पेठेपर्यंत आणि स्टेशनापर्यंत कापूस नेला तो बंडीने, असल्याच वाटांनी. इतिहास म्हटले की आपण किल्ला शोधतो. तोही इथून पूर्वेला आहेच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, ते रण याच पूर्णेच्या खोऱ्यातले. मला मात्र पायाखालच्या चाकोरीचा इतिहास अधिक जवळचा वाटला, कारण तिच्यातून आमच्या घरची भाकरी आली.

आणि इथे वाट संपली.

संपली म्हणजे नांगरली गेली होती. समोर पांदणीच्या जागी कपाशीच्या सात-आठ ओळी, पलीकडे काटेरी बाभळीच्या फांद्या. धुऱ्यावर शेतकरी विडी ओढीत बसला होता. मी त्याला विचारले. चिडला नाही, लाजलाही नाही.

"दोन एकर वावर. त्यात भाऊ वायला निघाला. कुठून काढू जमीन? बंड्या आता जात नाहीत इकडून, टॅक्टर तिकडून जाते."

गावच्या नकाशात मात्र ही वाट अजून आहे. नकाशावर बंडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायवाट एका. बंडीवाटेला निदान साडेसोळा फूट रुंदी धरलेली, पायवाटेला सव्वाआठ. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याने तहसीलदाराला आहे. हे सारे मला माहीत होते. पण विडी पुढे करणाऱ्या माणसाला कायदा सांगायला माझी जीभ रेटेना.

स्पेनमध्ये या बाबतीत मौज आहे. तिथे मेंढरांचे कळप हिवाळ्या-उन्हाळ्यात देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्याच्या वाटा आहेत. मेंढपाळांच्या संघाला १२७३ साली राजाने सनद दिली, १८३६ मध्ये तो संघ बुडाला, तरी वाटा राहिल्या. मोठ्या वाटेची रुंदी पाऊणशे मीटर! १९९५ च्या कायद्याने त्या सार्वजनिक मालकीच्या ठरल्या. कळप जावेत हे पहिले, मग पायी आणि सायकलने हिंडणाऱ्यांनाही मुभा. बंद पडलेल्या आगगाड्यांच्या रुळांच्या जागीही १९९३ पासून त्यांनी सायकलवाटा केल्या, त्या आज तीन हजार किलोमीटरांवर गेल्या आहेत. लोक दुरून तिथे सायकली घेऊन जातात. आपल्याकडेही २०२१ पासून पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे, पण ती वाट पक्की करण्यासाठी. पक्की झाली की मोटार आलीच.

शेतकऱ्याने सायकलचे मागचे चाक उचलले, मी पुढचे धरले आणि कपाशीचे एक बोंडही न मोडता आम्ही पलीकडे गेलो. "पुढं काठेवाडी उतरले हायेत, कुत्री जपजा," एवढे सांगून तो परतला. खरोखरच पुढच्या पडीत शेदोनशे गाईंचा कळप आणि दोन उंट बसले होते. गुजरातेतून चाऱ्यासाठी निघालेली ही माणसे. त्यांच्या म्हाताऱ्याने मला चहा दिला. पांदणी मोडल्यामुळे जनावरे हमरस्त्यावरून न्यावी लागतात, ट्रक अंगावर येतात, असे तो मोडक्या हिंदीत सांगत होता.

नऊच्या सुमाराला गाव आले. जिगाव प्रकल्पाचे काम १९९० च्या दशकापासून चालले आहे. पूर्णेवरचे हे धरण भरेल तेव्हा आत्याचे गाव पाण्याखाली जाईल. कौले, दारे, खिडक्या लोकांनी नव्या गावठाणात नेलेल्या. उभ्या होत्या नुसत्या मातीच्या भिंती आणि मारुतीच्या पारावरचा निंब. आत्याच्या घराची उतरंडीची जागा मी ओळखली. विहीर तशीच होती. हा सारा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी मचूळ. आत्याच्या हातचा चहा खारट लागे आणि वडील तो मिटक्या मारीत पीत. दोर-बादली नव्हती, नाहीतर चव घेतली असती.

नव्या गावठाणात पोचलो तेव्हा कुसुमताई ओट्यावरच उभी होती. मातीने माखलेले धोतर, छे, पॅन्ट आणि ती सायकल पाहून तिने आधी तोंडाला पदर लावला. मग काही न बोलता आत गेली आणि पाट मांडला. नळाचे गोड पाणी दिले. ओवाळताना म्हणाली, "मामा दांडीला घंटी वाजवत यायचे. आई आवाजावरून चुलीवर आधण ठेवायची."

मी बाहेर जाऊन घंटी वाजवून पाहिली. गंजलेली, वाजली नाही.

निघताना तिने डब्यात चिवडा भरून दिला आणि बजावले, "पुढच्या वर्षी येशील तर पांदणीनंच ये. पण त्या कपाशीवाल्याले एक लाडू नेजो."