हूड धुतला, पण लिंकभोवतीचं काय?

हॉटेलचा हूड धुऊन झाला की बॅफल फिल्टर चकाकतात. ते काढून मागे बॅटरी मारली, की एका बारीक पोलादी तारेच्या आजूबाजूचा पट्टा मात्र तसाच काळा, ओशट दिसतो. ‘तिकडे हात लावू नकोस, सिस्टीम उडेल,’ असं मुकादमाने बजावलेलं असतं. ही तार हूडमधल्या आपोआप आग विझवणाऱ्या सिस्टीमची असते, म्हणून भीती खोटी नाही. पण आगीची पहिली चाहूल ज्या भागाला लागायची, तोच त्यामुळे सगळ्यांत घाण राहतो.

तारेवर काय असतं

डक्टच्या तोंडाशी आणि शेगड्यांच्या वर या तारेत फ्यूजिबल लिंक अडकवलेल्या असतात. लिंक म्हणजे धातूच्या दोन छोट्या पट्ट्या, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या डाखाने जोडलेल्या. जागेप्रमाणे ती ७४ अंश सेल्सिअसची असते, १८२ ची असते, त्याहून चढीही असते. आकडा आणि बनावटीचं साल तिच्यावरच ठोकलेलं असतं. डाख वितळला की ताणलेली तार सैल पडते, गॅसचं कार्ट्रिज फुटतं आणि टाकीतलं पोटॅशियम क्षारांचं द्रावण नोझलमधून फवारलं जातं. शेगड्यांचा गॅसही तेव्हाच बंद होतो. पेटत्या तेलावर द्रावण पडून साबणाचा फेस होतो, हवा तुटते आणि तेल निवायला लागतं.

पूर्वी इथे कोरडी पावडर असे. वनस्पती तेलं आणि उष्णता धरून ठेवणारे नवे फ्रायर आल्यावर विझलेलं तेल पुन्हा पेटू लागलं. म्हणून अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ पासून यूएल ३०० ही कडक चाचणी लागू झाली.

चिकटा नडतो, पाणीही नडतं

लिंकवर चिकट्याचा थर चढला की उष्णता डाखापर्यंत उशिरा पोचते, आणि तो थर स्वतःही जळतोच. उलट प्रेशर वॉशरचा गरम फवारा थेट मारला तर लिंक किंवा तार हलून सिस्टीम उडू शकते. कॉस्टिक धातू खातं. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या मानकात लिंकवर सफाईचं रसायन मारायला साफ मनाई आहे. या भागात स्क्रॅपर आणि कापड, तेही हलक्या हाताने. काही सिस्टीममध्ये तारेऐवजी उष्णतेने फुटणारी दाबाची नळी असते. तिच्याजवळ पातं नेऊच नये.

दोन टोळ्या, एकच रात्र

माझ्या मते खरा उपाय एकच: हूड धुण्याच्या रात्रीच सिस्टीमचा तंत्रज्ञ बोलवायचा. तो पिन लावून सिस्टीम अडवतो, लिंक काढतो. मग सफाईवाल्यांना बिनघोर काम करता येतं. नंतर तो नव्या लिंक बसवतो. त्या सहा महिन्यांनी बदलायच्याच असतात. सफाईवाल्याने स्वतः पिन लावायची नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचंच. मॅनेजर जादा खर्चावर कुरकुरतात, पण चुकून सिस्टीम उडाली तर उघडं अन्न फेकणं, धुणं आणि टाकी भरून घेणं, आणि तोवर चूल बंद. हे सगळं त्याहून महाग पडतं.

निघण्याआधी

पिन काढली का, नोझलच्या टोप्या जागेवर आहेत का, तोंडं वळली नाहीत ना, हे पाहायचं. सगळ्यांत जास्त विसरतो तो फ्रायर. मागची भिंत घासायला चाकांवरचा फ्रायर पुढे ओढतात आणि परत ढकलताना वीतभर बाजूला सोडतात. नोझल मात्र जुन्याच जागेवर रोखलेलं. आग लागली तर फवारा फरशीवर. जमिनीवर चाकांच्या खुणा करून ठेवल्या की हा घोळ होत नाही.

किती दिवसांनी

एनएफपीए ९६ नुसार कोळशा-लाकडावरच्या स्वयंपाकाची डक्ट महिन्याला तपासायची, म्हणजे आपली तंदूरही त्यात आली. वोक, चारब्रॉयलर किंवा २४ तास चालणारं किचन तीन महिन्यांनी, मध्यम वापराचं सहा महिन्यांनी. थर सुमारे २ मिलिमीटर झाला की सफाई करायचीच. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. त्याच्याच आधीच्या आठवड्यात हूडची रात्र लावली, तर तंत्रज्ञाची एक फेरी वाचते.